मांडी घालून बसलेला माणूस पुस्तकात नव्हता

चित्रातला उजवा गुडघा चुकत होता. सलग सहा रविवार. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारखान्याच्या उंबऱ्याशी बसून मी आतल्या कारागिरांची रेखाटने करत असे. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. भिंतीला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात तुनाच्या लाकडाच्या दांड्या, आणि जमिनीवर बसलेली माणसे. एक पाय मांडी घातल्यासारखा आडवा, दुसरा गुडघ्यात मुडपून उभा, आणि दोन्ही पायांच्या बेचक्यात सतारीचा भोपळा धरलेला. डोके, पाठ, खांदे बऱ्यापैकी जमायचे. गुडघ्याशी आले की पाय मधूनच मोडल्यासारखा दिसायचा. मांडी एकीकडे, नडगी दुसरीकडे, आणि मध्ये काहीतरी गोल.

मी मोबाईलवर फोटो काढले. घरी येऊन ते मोठे करून पाहिले आणि त्यावरून पुन्हा काढले, तरी गुडघा तसाच. मुलगी म्हणाली, "आई, बसलेल्या माणसांचे हजारो फोटो मिळतात की. ते बघून काढ. पुस्तकं कोण वापरतंय आता?" तिने हे सहज विचारले होते, पण मला त्याचे खरे उत्तर हवे होते. तेव्हापासून दीड वर्ष झाले. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. शाळा सुटल्यावर चित्रकलेचे शिक्षण म्हणून काही झालेले नाही. तेव्हा हे उत्तर एका शिकणारीचेच आहे.

चित्रकलेच्या पुस्तकाशी माझी पहिली ओळख चांगली नव्हती. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत, १९९१ साली, इंटरमिजिएट. या परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द अजून पाठ असतील. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. त्यासाठी बाजारात गाईड मिळायचे. त्यात तयार प्रसंग असत: फुगेवाला, बसथांबा, भाजीबाजार, पाणी भरणाऱ्या बायका. आम्ही पाढे पाठ करावेत तसा फुगेवाला पाठ केला होता. विषय जत्रेचा येवो, बागेचा येवो की शाळेबाहेरचा, डाव्या कोपऱ्यात तोच फुगेवाला उभा. ब श्रेणी मिळाली. प्रत्यक्ष फुगेवाल्याकडे मी एकदाही नीट पाहिले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला तीस वर्षे लागली. चित्रकलेच्या पुस्तकांना नावे ठेवणाऱ्यांचे म्हणणे मला यामुळे पटते. तयार उत्तर देणारे पुस्तक डोळ्यांना आळशी करते, आणि तो आळस लवकर जात नाही.

ते गाईड, प्रमाणपत्र आणि लग्नानंतर हौसेने घेतलेली दोन जाड रंगीत पुस्तके पलंगाखालच्या पेटीत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली. गाईडचा स्वस्त खरबरीत कागद वाळवल्यावर पानापानाने सुटला. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली ती रंगीत पुस्तके मात्र एकसंध वीट झाली होती. पानांवरचा लेप ओला होऊन एकमेकांना चिकटतो, मग ती सुटत नाहीत. त्यानंतर पाच वर्षे मी नवे पुस्तक घेतले नाही.

म्हणून मिरजेला जायला लागले तेव्हा हाताशी मोबाईल होता आणि फक्त मोबाईलच होता. त्याने पुष्कळ दिले, ते नाकारत नाही. पेन्सिलला टोक कसे करायचे, चारकोल कसा धरायचा, हात मनगटातून न हलवता खांद्यातून कसा हलवायचा, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा व्हिडिओत शंभरपटीने चांगले कळते. हालचाल शिकायची तर हालचालच बघावी लागते. पण फोटो बघून काढायला बसले की अडचण यायची, आणि तिचे कारण समजायला मला बरेच दिवस लागले.

पहिले कारण अगदी साधे होते. मी उंबऱ्याशी, कारागिरापासून तीनेक फुटांवर बसून फोटो काढत होते. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला गुडघा डोक्याएवढा होतो आणि मागचे खांदे बारीक होतात. बसल्या जागी माझ्या डोळ्यांना ते खटकत नसे, कारण गुडघा किती मोठा असतो हे मनाला माहीत असते. कागदावर मात्र तो गुडघा तसाच उतरायचा आणि माणूस विचित्र दिसायचा. हे कळल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, दहा-बारा फुटांवरून, झूम करून फोटो घ्यायला लागले. फरक लगेच पडला.

दुसरे कारण पडद्याचे. बोटांनी चित्र मोठे केले की आपण डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा करंगळीच्या नखात शिरतो आणि पूर्ण आकृती नजरेआड जाते. मग परत लहान करायचे, तर मघाचे माप बदललेले. मधेच पडदा काळा होतो. प्रमाण म्हणजे एका भागाची दुसऱ्याशी तुलना, आणि तुलना करायची तर दोन्ही भाग एका वेळी, एकाच मापात, हलल्याशिवाय समोर हवेत.

तिसरे कारण अलीकडचे आहे. सतार बनवणारा कारागीर म्हणून शोधले की आता यंत्राने तयार केलेली चित्रेही पुढे येतात. लांबून देखणी. जवळून पाहिले तर खुंट्या दांडीच्या भलत्याच बाजूला, तारा घोडीवरून न जाता मधेच हवेत संपलेल्या, आणि हाताची बोटे भोपळ्यात मिसळलेली. मी त्या गल्लीत बसते म्हणून मला हे दिसले. जे मला माहीत नाही, समजा घोड्याचा मागचा पाय, त्याचे असे चित्र समोर आले तर ते चुकीचे आहे हे मला कळणारही नाही. शिकणाऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

मग पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला हिंडून दोन पुस्तके घेतली. एक अँड्र्यू लूमिस यांचे मानवाकृतीवरचे, मूळ १९४३ सालचे. लूमिस शिकागोतले जाहिरातींचे आणि मासिकांचे चित्रकार. त्यांची पुस्तके कित्येक वर्षे छापली जात नव्हती. २०११ पासून ती पुन्हा बाजारात आली. दुसरे जॉर्ज ब्रिजमन यांचे. हे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शरीररचना शिकवायचे आणि पुस्तक १९२० सालचे. तिसरे पुस्तक विकत घेतले नाही. फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांचा चित्रकलेचा अभ्यासक्रम १८६६ ते १८७१ या काळात पॅरिसमध्ये निघाला, तो आता कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. त्याचे तीस तक्ते निवडून झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री कागदावर छापून आणले.

सुरुवात बार्गपासून केली. या अभ्यासक्रमात एकूण १९७ तक्ते आहेत. पहिल्या भागात प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून काढलेले डोळे, कान, पाय, हात, मुखवटे. त्यातल्या बऱ्याच तक्त्यांवर एकच वस्तू दोनदा असते. डावीकडे नुसत्या सरळ रेषांचा सांगाडा आणि उजवीकडे छायांकन केलेले पूर्ण चित्र. सरळ रेषा का, हे हात चालवल्यावर कळते. वळणदार रेषेचा उतार नेमका कुठे बदलतो हे सांगता येत नाही. सरळ रेषांचे तुकडे केले की बदलाचा बिंदू निश्चित ठरवावा लागतो. एका पावलाच्या तक्त्यावर मी तीन आठवडे घालवले. तक्ता आणि माझा कागद शेजारी शेजारी, सारख्याच आकाराचे, फळीला क्लिपने लावलेले. मध्ये शिवणाचा दोरा आडवा ताणून टाचेची उंची, घोट्याची उंची, अंगठ्याचे टोक पडताळायचे. सव्वा मिलिमीटरची चूकही दोरा दाखवतो. मोबाईलवर हे करताच आले नसते. कागदावरचे चित्र रोज संध्याकाळी जिथे सोडले तिथेच, तेवढेच असते.

या तक्त्यांचा एक जुना विद्यार्थी प्रसिद्ध आहे. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, व्हॅन गॉग बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात राहत होता आणि चित्रकार व्हायचे त्याने नुकतेच ठरवले होते. त्याने बार्गचे तक्ते मागवून घेतले आणि कोळशाने करायच्या सरावाचे साठच्या साठ तक्ते उतरवून काढले. त्याच काळात तो खाणकामगारांनाही काढत होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सकाळचा तक्ता आणि संध्याकाळचा माणूस. दहा वर्षांनी, मृत्यूच्या वर्षी, त्याने त्यांतले काही तक्ते पुन्हा काढले. इतकी चित्रे काढून झाल्यावरही त्याला त्यांच्याकडे परत जावेसे वाटले.

मीही तसेच वेळापत्रक केले. आठवडाभर रात्री जेवणानंतर पाऊण तास तक्ता, रविवारी सिटी बसने मिरज.

आणि मग तो गुडघा.

ब्रिजमन यांची रेखाटने पहिल्यांदा पाहताना आवडत नाहीत. सगळे शरीर ठोकळ्यांचे, पाचरींचे, जणू सुताराने तासलेले. गुडघ्याचे पान मी तीनदा उलटून पुढे गेले होते. एका रात्री थांबून नीट पाहिले. तिथे गुडघा गोल नव्हता, चौकोनी होता, कडा तासलेला ठोकळा. मी स्वतःचा पाय सरळ केला, मग वाकवला आणि वाटीवर बोट ठेवून पाहिले. गुडघ्याची वाटी मांडीच्या स्नायूत अडकलेली असली तरी खाली एका भक्कम पट्ट्याने नडगीच्या हाडाला बांधलेली असते. तो पट्टा लांबत नाही. त्यामुळे पाय सरळ असताना जी वाटी मांडीच्या हाडासमोर असते, ती पाय पूर्ण मुडपल्यावर घसरत त्या हाडाच्या टोकाशी येते. वाटीचे आणि नडगीचे अंतर कायम राहते, बदलते ते मांडीशी असलेले नाते. मुडपलेल्या गुडघ्याचा पुढचा भाग बोथट, चपटा दिसतो, कारण तिथे मांडीच्या हाडाचे रुंद टोक पुढे आलेले असते आणि वाटी त्याच्या खाचेत बसलेली असते.

मी सहा रविवार सरळ पायाचा गुडघा मुडपलेल्या पायावर चिकटवत होते. वाटी दोन बोटे वर काढत होते.

हे मला फोटोने सांगितले नसते. माझ्याकडे चाळीस फोटो होते आणि प्रत्येकात वाटी तिच्या जागी होती. पण फोटोत कातडीवरची सावली दिसते, आत काय कशाला बांधले आहे ते दिसत नाही. ते माहीत असणाऱ्या, वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेल्या माणसाने पुढचे-मागचे सगळे गाळून चार रेषांत मांडले, तेव्हा दिसले. पुढच्या रविवारी मी गल्लीत गेले आणि पहिल्यांदाच मला कारागिराचा गुडघा दिसला, असे म्हणायला हरकत नाही. फळीवर वही टेकवून आधी ठोकळा काढला, मग त्याला मांडी जोडली, मग नडगी. पाय उभा राहिला. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी वही चार वेळा उघडली.

लूमिस यांच्याकडून मिळालेली गोष्ट वेगळी. मांडी घातली की मांडीचा भाग थेट आपल्याकडे येतो आणि आखूड दिसतो. याला चित्रकार फोरशॉर्टनिंग म्हणतात. बाह्यरेषा कितीही नीट काढली तरी ती मांडी आपल्याकडे येते आहे की बाजूला जाते आहे हे नुसत्या कडेवरून कळत नाही. अवयव नळकांड्यासारखा धरून त्याभोवती आडव्या गोल रेषा फिरवायच्या, हा त्यावरचा उपाय. मी त्यांना बांगड्या म्हणते. मांडीत बांगड्या भरल्या आहेत असे समजायचे. बांगडीची कड कुठल्या बाजूला झुकते त्यावरून मांडीची दिशा कळते, आणि बांगडी जितकी गोल दिसेल तितकी मांडी आपल्याकडे वळलेली. अजूनही अवघड कोनातला हात आला की मी हलक्या पेन्सिलने बांगड्या भरते आणि नंतर खोडते.

प्रमाणांचेही तसेच. लूमिस आदर्श पुरुषाची उंची आठ डोकी धरतात, पण सर्वसाधारण माणूस साडेसात डोक्यांचा असतो हेही तिथेच दाखवतात. मी नवऱ्याला भिंतीशी उभे करून मोजले: साडेसातला थोडे कमी. इथवर पुस्तकाने साथ दिली.

यापुढे मात्र माझ्याकडची पुस्तके संपत होती. त्यांतली माणसे उभी आहेत, चालताहेत, धावताहेत, खुर्चीवर बसली आहेत. जमिनीवर बसलेल्या काही आकृती आहेत, पण त्या पाय लांब करून, हातावर रेलून, विश्रांती घेतल्यासारख्या. जमिनीवर मांडी घालून दिवसभर काम करणारा माणूस मला त्यांत सापडला नाही. उकिडवे बसून, दोन्ही टाचा टेकवून भाजी निवडणारी बाई नाही. हे होणारच होते. ज्या देशात, ज्या वर्गात ती पुस्तके घडली तिथे माणसे खुर्चीवर बसून काम करत होती. माझ्या सांगलीत, मिरजेत, बाजारात, देवळाच्या ओवरीत, स्वयंपाकघरात निम्मे काम जमिनीवर होते. कपड्यांचेही तेच. ब्रिजमन यांनी वस्त्राच्या घड्यांचे सात नियम सांगितले आहेत. वस्त्र जिथे टेकलेले किंवा अडकलेले असते तिथून घडी निघते, हे सूत्र खांद्यावरच्या पदरालाही तंतोतंत लागू पडते. पण नऊवारीचा काष्टा उकिडवे बसल्यावर कसा ताणला जातो, ते कोट-पँटच्या रेखाटनातून कसे कळणार?

पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची पुस्तके मला याच कारणासाठी जवळची वाटतात. ती मुख्यतः जलरंगांची, माझा विषय पेन्सिलीचा. पण त्यांत आपल्याकडचे वाडे, आपल्या गल्ल्या, विजेच्या तारा, उभ्या केलेल्या स्कूटर आहेत. यथार्थदर्शनाचे, म्हणजे लांबचे लहान दिसण्याचे, नियम जगभर एकच असले तरी ते उतरत्या कौलांवर लावलेले पाहिले की शिकणाऱ्याला धीर येतो.

मांडी घातलेल्या माणसासाठी मात्र मला स्वतःच मोजावे लागले. गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला, चाचांना, विचारले, "काम थांबवू नका, मी फक्त पेन्सिल धरून मापं घेते." ते म्हणाले, "घ्या की ताई, आम्ही कुठं जातोय." हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने डोक्याची उंची धरायची आणि ती खाली खाली मोजत जायची. त्यांच्याशिवाय घरातली चार माणसे, देवळातली तीन, असे करत मोजले. सरळ बसलेला माणूस टाळूपासून जमिनीपर्यंत साधारण चार डोक्यांचा भरतो. कामात वाकला की साडेतीन, कधी सव्वातीन. दोन गुडघ्यांमधले अंतर मात्र माणसामाणसात खूप बदलते. चाचांचे गुडघे जवळजवळ जमिनीला टेकतात, माझ्या नवऱ्याचे वीतभर वर राहतात. चाळीस वर्षांची बैठक त्या गुडघ्यांत दिसते, आणि चित्रात ती आली नाही तर तो माणूस चाचा वाटतच नाही.

ही मापे मी एका वेगळ्या वहीत लिहायला लागले. जाड कार्ट्रिज कागदाची, शिवलेली वही. बार्गची पद्धत उचलली: डाव्या पानावर सरळ रेषांचा सांगाडा आणि मापे, उजव्या पानावर छायांकनासह तीच बैठक. दर पानाला एकच बैठक. भोपळा पायात धरून कड तासणारा. दांडी मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर सुरांचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बांधणारा. कानाजवळ वाकून जवारी काढणारा. जवारीत घोडीचा माथा कानसीने घासून तारेचा सूर खुलवतात, आणि त्या वेळी मान अशी कलते की हनुवटी खांद्याला लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर गल्लीत कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक येऊन गेले. वाद्यांचे फोटो भरपूर निघाले. बैठकीची रेखाटने कुणी केली असतील तर मला ती पाहायची आहेत.

मुलीला मी काय सांगितले, तेही लिहिते. नुसत्या फोटोंची जुनी पुस्तके, शंभर झाडे, शंभर कुत्री, शंभर हात, ही आता घेऊ नयेत. माझ्याकडे नात्यातून आलेली अशी तीन होती, ती देऊन टाकली. ते काम मोबाईल अधिक चांगले करतो, आणि बाहेर पडून पाहिलेले झाड त्याहून चांगले. अपवाद छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजचा. त्याच्या १८८७ सालच्या ७८१ तक्त्यांत चालणारी, पायऱ्या चढणारी, ओझे उचलणारी माणसे क्षणाक्षणाने टिपलेली आहेत, आणि एक पाऊल ते दुसरे पाऊल यामधला क्रम तिथे कळतो. पण त्यासाठीही कागद लागत नाही, पडद्यावर छान दिसते. विकत घ्यावे ते रचना समजावणारे पुस्तक, एखादेच, आणि ते वर्षभर पुरवावे. ज्या पुस्तकातले चित्र उतरवून झाल्यावर आपण स्वतःच्या अंगाला हात लावून पाहतो, ते पुस्तक चांगले.

ती सध्या टॅबवर काढते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा ब्रिजमन सोबत घेऊन गेली, अजून परत दिलेले नाही. फोनवर विचारते, मनगटाचे पान कळत नाही. मी सांगते, स्वतःचे मनगट बघ, मग पान बघ.

माझ्या वहीची एकतीस पाने झाली आहेत. आता गणपती पेठेतल्या बाजारात हळदीची पोती शिवणाऱ्या बायका घेतल्या आहेत. त्या उकिडव्या बसतात, पूर्ण टाच टेकवून, आणि सगळा भार टाचेवर असूनही पाऊल चपटे पडत नाही, बाहेरच्या कडेला थोडे उचललेले राहते. ते का, हे मला अजून कळलेले नाही. बार्गचे पावलाचे तक्ते पुन्हा फळीला लावले आहेत.